सुखाचा जीव दुःखात का घालायचा? डोंगरवेड्यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की आमचं मंडळ प्रस्तरारोहणाचं प्राथमिक शिबिर घेतं. नावनोंदणी सुरू झाली की फोनही सुरू होतात. निम्मे फोन शिबिराला येणाऱ्यांचे असतात आणि त्यांना बूट कुठले घ्यायचे एवढंच हवं असतं. उरलेले निम्मे त्यांच्या आईवडलांचे, नवऱ्यांचे, बायकांचे, एकदोनदा तर सासूबाईंचेही. त्यांचा मूळ प्रश्न एकच असतो: घरात सगळं असताना हे कशाला? बावीस वर्षं मी त्याची उत्तरं देते आहे. घसा बसायला लागला, म्हणून एकदाचं लिहून काढलं.

१. घरी सगळं व्यवस्थित असताना माणूस हे का करतो? एका वाक्यात सांगा.

घरी सगळं व्यवस्थित आहे म्हणूनच.

आता जरा सविस्तर. शिबिराला येणारी बहुतेक माणसं अशी कामं करतात ज्यांचा निकाल सहा महिन्यांनी लागतो, आणि लागला तरी तो कुणामुळे लागला हे कळत नाही. चांगलं झालं तर साहेबाचं नाव, बिघडलं तर 'मार्केट डाऊन'. कातळावर तसं नसतं. बुटाच्या टोकाखाली दोन बोटं रुंदीची खाच असते. पाय नीट ठेवला तर टिकतो, नाही ठेवला तर सटकतो. निकाल अर्ध्या सेकंदात लागतो आणि तो पुरता तुमचा असतो. आजवर पाहिलेल्या शेकडो लोकांवरून माझं मत असं झालंय की धोक्याच्या ओढीने येणारे फार थोडे. बाकीचे येतात ते आपल्या करण्याने काही फरक पडतो हे एकदा अंगाला कळावं म्हणून. धोका ही त्याची किंमत, आणि शहाणी माणसं ती घासाघीस करून कमी करतात. दोर, हारनेस, हेल्मेट, आदल्या रात्री पाहिलेला हवामानाचा अंदाज ही सगळी घासाघीसच.

२. म्हणजे यांना आरामाचा कंटाळा येतो असंच ना?

आराम फार झाला की तो बहुतेकांना सोसत नाही, फक्त प्रत्येकाची मर्यादा वेगळी. १९५०च्या दशकात कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड हेब यांच्या गटाने विद्यार्थ्यांना रोजचे वीस डॉलर देऊन नुसतं पडून राहायला सांगितलं. गादी मऊ, जेवण वेळेवर. फक्त डोळ्यांवर धूसर आवरण आणि हातांवर पुठ्ठ्याच्या नळ्या, म्हणजे दिसायला-चाचपायला काही नाही. त्या काळात वीस डॉलर बरे पैसे होते. तरीही बहुतेकांनी थोड्याच दिवसांत हात टेकले, काहींना तर भास होऊ लागले.

अलीकडचा प्रयोग आणखी मजेशीर आहे. २०१४ साली अमेरिकेत टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी लोकांना पंधरा मिनिटं रिकाम्या खोलीत एकटं बसवलं. मोबाइल नाही, पुस्तक नाही. जवळ फक्त एक बटण, दाबलं की विजेचा हलका झटका बसणार. 'हा झटका टळावा म्हणून मी पदरचे पैसे देईन' असं आधी सांगितलेल्या लोकांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी त्या पंधरा मिनिटांत बटण दाबलंच.

मार्विन झुकरमन हे मानसशास्त्रज्ञही अशाच प्रयोगांत काम करत होते. कुणी लवकर अस्वस्थ होतं, कुणी तासन्‌तास शांत पडून राहतं, हे पाहून त्यांनी १९६४ साली हा फरक मोजणारी प्रश्नावली बनवली. पुढच्या आवृत्त्यांत तिच्यात चार गोष्टी वेगवेगळ्या धरल्या: थरार आणि साहसाची आवड, नव्या अनुभवांची भूक, बेबंद वागण्याकडे कल आणि कंटाळा न सोसणं. गोंधळ इथेच होतो. ज्याला कड्यावर चढायला आवडतं त्याला दारू पिऊन गाडी पळवायलाही आवडत असेल, असं लोक गृहीत धरतात. आमचा सगळ्यात कडक लीड क्लायंबर (दोर घेऊन सगळ्यांच्या पुढे चढणारा) रोज साडेनऊला झोपतो आणि स्कूटर चाळिसाच्या वर नेत नाही.

३. हा स्वभाव जन्मजात असतो का? आमच्या घराण्यात तर कुणी पर्वती पण चढलेलं नाही.

काही अंशी जन्मजात. जुळ्यांच्या अभ्यासांवरून माणसामाणसांतल्या या फरकाचा साधारण निम्मा वाटा आनुवंशिक धरतात. म्हणून 'साहसाचा जनुक' मात्र शोधू नका. १९९६ साली मेंदूतल्या डोपामीन या रसायनाशी संबंधित डीआरडी४ या जनुकाचा एक प्रकार नावीन्याच्या ओढीशी जोडणारे दोन अभ्यास एकदमच प्रसिद्ध झाले आणि वर्तमानपत्रांना मथळा मिळाला. पुढे इतरांनी तपासलं तेव्हा कुणाला तो संबंध दिसला, कुणाला नाही.

घराण्याचं म्हणाल, तर आजोबा काय करत होते ते नीट विचारा. बोटीवर खलाशी? मुंबईत गिरणीत लागायला सोळाव्या वर्षी कोकणातून एकटे आलेले? त्याला तेव्हा कुणी साहस म्हणत नव्हतं, पोट म्हणत होते. (हा मुद्दा प्रश्न ८ मध्ये पुन्हा येईल.)

४. या लोकांना भीती वाटत नाही का?

वाटते, हे पहिलं उत्तर. मला अजूनही रॅपलिंगला, म्हणजे दोरावरून कडा उतरायला, कड्याच्या कडेवरून मागे झुकताना, दोरावर पहिला भार टाकताना पोटात खड्डा पडतो. हजारदा झालं तरी पडतो.

अपवाद सापडतात. अमेरिकेचा ॲलेक्स हॉनल्ड दोराशिवाय चढतो. २०१६ साली मेंदूचं स्कॅन करताना त्याला भीषण चित्रं दाखवली. भीतीच्या प्रसंगी मेंदूतला जो अमिग्डाला नावाचा भाग इतरांच्या बाबतीत उजळतो, तो त्याचा उजळलाच नाही. लोक एवढंच ऐकतात आणि 'बघा, यांच्या डोक्यातच फरक असतो' म्हणून मोकळे होतात. पुढचं कुणी सांगत नाही. ३ जून २०१७ रोजी एल कॅपिटनचा सुमारे ९०० मीटरचा कडा त्याने दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढला. त्याआधी वर्षाहून अधिक काळ तो त्याच वाटेवर दोर लावून एकेक अवघड पॅच (कातळाचा टप्पा) घोटून पाठ करत होता. आणि २०१६ च्या हिवाळ्याआधी एकदा सुरुवात करून, आज जमत नाही असं वाटल्यावर परत फिरला होता.

भीती कमी असणं आणि भीती सरावाने आटोक्यात येणं या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. शिबिरात आम्ही फक्त दुसरी शिकवू शकतो. पहिली ज्याच्याकडे उपजत आहे त्याच्यावर आमचा डोळा जास्त असतो, कारण गाठ तपासायची राहते ती त्याचीच.

५. स्पष्टच विचारतो: ही एक प्रकारची आत्मघातकी वृत्ती नाही का?

नाही. जगण्यावर रुसलेला माणूस कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या कडीचा, स्क्रू दोनदा तपासत नाही.

तुमची शंका भाषेतही आहे, ते मान्य. जुन्या धर्मशास्त्रात 'साहस' हे गुन्ह्याचं नाव होतं: बळजबरी, लूटमार. मराठीत अजून 'दुःसाहस' आणि 'अविचारी साहस' सहज तोंडात येतं. पण दोन्ही बाजूंनी खबरदारी हवी. कुणी खरोखर खचलेलं असेल, जगणं नकोसं झाल्याचं बोलत असेल, तर 'डोंगरावर ने, मोकळं वाटेल' म्हणून त्याला आमच्याकडे धाडू नका. त्याला डॉक्टरांची गरज आहे, कड्याची नाही. असे दोन फोन आले होते; दोन्ही वेळा आम्ही प्रवेश दिला नाही.

६. थंडी, भूक, पायाला फोड, गुहेत ढेकूण. यात मजा कसली?

त्या क्षणी काहीच नाही. जॉर्ज लोवेनस्टाईन या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाला हाच प्रश्न पडला होता. माणूस सुखाच्या मागे धावतो यावर त्याच्या शास्त्राचा पाया, आणि गिर्यारोहकांच्या रोजनिशा चाळल्या तर पानोपानी हाल: ओलं अंथरूण, सडका उपमाही गोड लागावा अशी भूक, दिवसेंदिवस तंबूत अडकून आलेला वीट. १९९९ साली त्यांनी यावर लेख लिहिला. सुखदुःखाच्या हिशोबात न बसणाऱ्या काही गोष्टी माणसाला हव्या असतात असं त्यात म्हटलंय: हाती घेतलेलं तडीस नेणं, एखाद्या गोष्टीवर हुकमत मिळवणं, आपण कोण आहोत हे स्वतःला आणि इतरांना दाखवणं, आणि आपल्या असण्याला काही अर्थ वाटणं. शिवाय वेदना आठवणीत टिकत नाहीत, गोष्ट टिकते.

चढणाऱ्या लोकांत मजेचे दोन प्रकार सांगतात. करताना येते ती पहिली. करताना जीव नकोसा होतो आणि मंगळवारी ऑफिसात डबा खाताना येते ती दुसरी. माझी दुसरीची उत्तम आठवण सह्याद्रीतल्या अलंग-मदन-कुलंग या किल्ल्यांची आहे. मार्च महिना, कुलंगच्या वाटेवर ऊन चढलेलं, चौघांत मिळून एक बाटली पाणी. वर पोचल्यावर कातळात खोदलेल्या टाक्यातलं पाणी मी ओंजळीने प्यायले. आत बेडूक होता. त्यानंतर कितीतरी चांगल्या हॉटेलांत जेवले. एकाचीही चव तशी आठवत नाही.

आणि हे आपल्याला नवीन आहे असं भासवू नका. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर पायी, भर पावसात, पालात झोपून जाणाऱ्यांच्या घरी काय गादी नसते? वारी हे साहस नव्हे, तिचं कारण निराळं. पण गैरसोय आपणहून पत्करणारी माणसं या प्रांतात शतकानुशतकं घराघरांत आहेत.

७. 'तो तिथे आहे म्हणून' हे काय उत्तर झालं?

पत्रकाराला कटवायचं उत्तर झालं, असा माझा समज. इंग्लिश गिर्यारोहक जॉर्ज मॅलरीच्या तोंडचं हे वाक्य १९२३ साली न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात छापून आलं. एव्हरेस्टवर का जायचं, हा प्रश्न अमेरिकेतल्या व्याख्यानदौऱ्यात त्याला शंभरदा विचारला गेला असेल. माझीही बावीस वर्षांत तीच गत झाली आहे. पुढच्याच वर्षी तो एव्हरेस्टवर गेला आणि परतला नाही. त्याचा देह १९९९ साली सापडला. मरणाने त्या वाक्याला जे वजन आलं, ते वाक्यात मुळात असेलच असं नाही.

याच जातीची आणखी एक गोष्ट. ब्रिटिश ध्रुवप्रवासी शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडच्या मोहिमेसाठी दिलेली 'पगार थोडा, थंडी कडाक्याची, परतीची खात्री नाही' अशा अर्थाची जाहिरात तुम्ही कुठल्या तरी प्रेरणादायी व्याख्यानात ऐकली असेल. ती जाहिरात मूळ वर्तमानपत्रात शोधायला अनेकांनी जंग जंग पछाडलं, कुणालाही सापडलेली नाही.

८. हे भरल्या पोटाचे चोचले नाहीत का?

बऱ्याच अंशी आहेत, आणि ते कबूल करायला आम्हाला लाज वाटू नये. सुखाचा जीव दुःखात घालायला आधी जीव सुखात असावा लागतो.

पायथ्याच्या पाचनई गावचा आमचा वाटाड्या हरिश्चंद्रगडाची वाट महिन्यातून दहादा चढतो, पाठीवर आमचं सामान घेऊन, पायात साधी चप्पल. एकदा रात्री शेकोटीपाशी मी विचारलं, तुला कोकणकड्यावर उभं राहून काय वाटतं? म्हणाला, "ताई, गुरं तिकडं गेली का बघतो." तीच वाट आम्हाला साहस आणि त्याला मजुरी. हिमालयात तर हिशोब आणखी कडू आहे. १८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळून १६ जण गेले. सगळे नेपाळी कामगार; दुसऱ्यांच्या शिखरासाठी वाट तयार करत, सामान वाहत होते. त्या पहाटे त्यांच्यातला कुणी थरार शोधायला निघाला नव्हता.

म्हणून आमच्यात एक नियम आहे. वाटाड्याचा दर तो सांगेल तो. पाचशे रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्याने गडावर शौर्याच्या गप्पा मारू नयेत.

९. मग मोठ्या साहसासाठी पैसा, सोयी, वशिला हवाच?

मदत होते. पण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईतून सहा पारशी तरुण सायकलवर जग पाहायला निघाले, ते काही कुठल्या संस्थानाच्या खजिन्यावर नव्हे. व्यायामशाळेतली पोरं ती. इराणचं वाळवंट, आल्प्स, अमेरिका, जपान असं करत अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भूमगरा हे तिघे मार्च १९२८ मध्ये परतले. सुमारे ७१ हजार किलोमीटर झाले होते. उरलेल्या तिघांनी वाटेत मोहीम सोडली. मला त्या तिघांविषयीही कुतूहल वाटतं, पण पुतळे आणि लेख पोचलेल्यांच्या वाट्याला येतात.

१०. नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करावं म्हणतोय. सल्ला?

शिबिराच्या चौथ्या दिवशी हा प्रश्न येतोच. पाचव्या दिवशी पाय सुजतात, मग येत नाही.

माझ्या ओळखीतले उत्तम चढणारे बँकेत, महाविद्यालयात, एसटीत, महावितरणात नोकऱ्या करतात आणि रजा माणसं सोनं जपतात तशा जपतात. शिखरं काही पळून जात नाहीत. एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारे पहिले भारतीय दिलीप दोंदे नौदलातले अधिकारी होते. त्यांची 'म्हादेई' गोव्यात, दिवाडी बेटावर बांधली गेली. २००९ मध्ये मुंबईहून निघून २०१० मध्ये ते परत आले, पण आधीची काही वर्षं होडी बांधून घेण्यात, ती समजून घेण्यात गेली. फोटोत शीड दिसतं. लाकूड, खिळे आणि पत्रव्यवहार दिसत नाही.

पूर्णवेळ करायचंच असेल तर उत्तरकाशीच्या नेहरू पर्वतारोहण संस्थेत किंवा दार्जिलिंगला आधी बेसिक कोर्स करा, महिनाभर रजा टाकून. राजीनाम्याचं नंतर पाहू.

११. अपघात झाला, हाडं मोडली, तरी परत जातात. हे व्यसन नव्हे?

काहींच्या बाबतीत व्यसनाच्या अगदी जवळ जातं, नाही कशाला म्हणू? घरच्यांशी खोटं बोलून जाणं, दुखापत लपवणं, दर वेळी आधीपेक्षा अवघड हवंच असा हट्ट, ही लक्षणं दिसली की आम्ही त्याचा दोर काढून घेतो.

पण परत जाणारा प्रत्येक जण व्यसनी नसतो. अभिलाष टॉमी यांचं पाहा. सप्टेंबर २०१८ मध्ये जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळाने त्यांच्या 'थुरिया' या शिडाच्या होडीची डोलकाठी मोडली. मणक्याला जबर मार बसला, उठताही येईना; तीन दिवसांनी एका फ्रेंच जहाजाने त्यांना उचललं. मणक्यात टायटॅनियम बसवलं. तीच शर्यत ते २०२२ मध्ये पुन्हा निघाले आणि एप्रिल २०२३ मध्ये दुसरे आले. मधल्या चार वर्षांत त्यांनी पुन्हा चालायला शिकण्यापासून सुरुवात केली होती. व्यसनी माणसाला इतका धीर नसतो.

अर्धवट राहिलेली गोष्ट माणसाला दातात अडकलेल्या काडीसारखी छळते, एवढंच मी स्वतःच्या घोट्यावरून सांगू शकते. तो ज्या पॅचवर मोडला, तिथे मी अकरा महिन्यांनी परत गेले. पॅच मला जमला नाही. छळ मात्र थांबला.

१२. शिखर समोर असताना परत फिरणारे भित्रे का?

उलट त्यांची नावं आम्ही नव्या मुलांना पहिल्याच दिवशी सांगतो. स्वीडनचा योरान क्रॉप १९९५ च्या ऑक्टोबरात घरून सायकलवर निघाला, सगळं सामान स्वतः ओढत नेपाळला पोचला आणि ३ मे १९९६ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यापासून जेमतेम शंभर मीटरवरून मागे वळला, कारण उशीर झाला होता आणि उतरताना अंधार पडला असता. आठवड्याभरात, १० मे रोजी, दुसऱ्या तुकड्यांतले लोक ठरलेली वेळ उलटून गेल्यावरही चढत राहिले. संध्याकाळी वादळ आलं. आठ जण गेले. क्रॉप २३ मे रोजी पुन्हा चढला आणि माथ्यावर पोचला.

हॉनल्डची परतीची गोष्ट प्रश्न ४ मध्ये आहेच. सह्याद्रीत परत फिरण्याची कारणं एवढी भव्य नसतात: कड्यात आग्यामोहोळ दिसलं, धुक्यात वाट सापडेना, पाणी संपलं, गटातल्या एकाचं डोकं उन्हाने दुखायला लागलं. यांतलं एकही कारण पुरेसं आहे.

१३. आमचा मुलगा सोळा वर्षांचा आहे. चार मित्रांबरोबर जातो म्हणतोय.

त्याला पाठवा. त्या चौघांबरोबर पाठवू नका.

हे माझं एकटीचं म्हणणं नाही. २००५ साली गार्डनर आणि स्टाइनबर्ग यांनी वेगवेगळ्या वयाच्या लोकांना संगणकावर गाडी चालवण्याचा खेळ दिला, काहींना एकटं बसवून, काहींना दोस्त शेजारी बसवून. किशोरवयीन मुलं दोस्त बघत असताना कितीतरी जास्त धोका पत्करत होती. मोठ्या माणसांना फारसा फरक पडला नाही. तोच मुलगा एकटा कड्यापासून चार फूट लांब उभा राहतो आणि मोबाइल हातात घेतलेले तिघे समोर आले की टोकाला जातो. गटात दोन-तीन मोठी, अनुभवी माणसं असली की ही चढाओढ आपोआप थंडावते. परवानगीच नाकारली तर तो 'क्लासला जातो' सांगून जाईल, आणि मग तो कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नसेल.

१४. आणि मुलगी असेल तर?

वरचंच उत्तर. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली 'तारिणी' या शिडाच्या होडीतून गोव्याहून निघून जगाला वळसा घालून गोव्यातच परतल्या, हे सांगून मी पूर्वी पालकांना पटवत असे. आता सांगत नाही. राहण्याची, स्वच्छतागृहाची, मासिक पाळीच्या दिवसांतली सोय काय, हे जरूर विचारा. आमच्याकडे त्याचं नीट उत्तर आहे. 'हात राठ झाले तर स्थळं कशी येतील' याचं नाही.

१५. रील्ससाठी जाणाऱ्यांना साहसी म्हणायचं का?

म्हणा ना, माझं काय जातं. दाखवायची हौस मॅलरीलाही असणार. फरक एका गोष्टीत पडतो: प्रश्न १ मधला निकाल कातळाकडून घ्यायचा की बघणाऱ्यांकडून. बघणाऱ्यांना घसारा, म्हणजे पायाखालची सुटी माती, कळत नाही, शेवाळ कळत नाही; त्यांना टोक आवडतं. म्हणून पाय टोकाकडे सरकतो. श्रावणातल्या रविवारी कुठल्याही धबधब्यापाशी जाऊन पाहा. मग रात्री बचावपथकातली पोरं, तीही फुकट, स्वतःची झोप मोडून, दोर घेऊन दरीत उतरतात. साहस बघायचं तर ते तिथे असतं, आणि त्याचं रील नसतं.

१६. माझा नवरा दर शनिवारी-रविवारी डोंगरावर. त्याचं मन समजून घेईन हो, पण माझं काय?

या यादीतला सगळ्यात खरा प्रश्न हाच, आणि तो नेहमी रात्री दहानंतर, हळू आवाजात येतो.

डोंगरावर जाणाऱ्याच्या मागे कुणीतरी घरी थांबलेलं असतं. मुलाचा ताप, सोसायटीची मीटिंग, सासऱ्यांची औषधं, आणि रात्री आठला 'गाडीत बसलो' हा मेसेज येईपर्यंतची घालमेल. धोका त्याने स्वतःच्या मर्जीने घेतलेला असतो. तुमच्यावर तो न विचारता पडलेला असतो. 'तिला कळत नाही' असं तो मित्रांत म्हणत असेल, तर मीच त्याला सांगेन की तिला चांगलं कळतं.

मी काय सुचवते? महिन्यातले किती रविवार, हे बोलून ठरवा आणि कॅलेंडरवर लिहा. कुठल्या वाटेने, कुणाबरोबर, किती वाजता गावात उतरणार, कितीपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, हे कागदावर घरी ठेवल्याशिवाय त्याने निघायचं नाही. आणि तेवढेच रविवार तुमचे. डोंगरावरच जायला हवं असं नाही. नाटक, माहेर, नुसती झोप, काहीही; मुलं त्याच्याकडे. मी गेली काही वर्षं हे नवऱ्याशी ठरवून करते आहे. घरी थांबणारा तो असतो. पहिल्या रविवारी त्याने कुकरची शिटी काढून ठेवून वरणाचा कारंजा केला होता.

१७. वय वाढलं की हे खूळ जातं ना?

झुकरमन यांच्या मापात (प्रश्न २) थराराची ओढ साधारण विशीच्या आसपास सगळ्यात जास्त असते आणि पुढे उतरत जाते. जात मात्र नाही, रूप बदलते. आमच्यातले साठीपुढचे लोक कडे सोडून घाटवाटा शोधतात: जुनी नाळ (दोन कड्यांमधली अरुंद घळ), बुजलेल्या पायऱ्या, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारून काढलेली वाट. हात थकले, कुतूहल नाही. गुडघ्याच्या डॉक्टरांचं मत वेगळं असू शकतं.

१८. मला यातलं काहीच करावंसं वाटत नाही. माझ्यात काही कमी आहे का?

नाही. घरात बसून पेटी वाजवणारी, तीस वर्षं एकच दुकान नीट चालवणारी, आजारी आईची सेवा करणारी माणसं माझ्या मते कुठल्याही आरोहकाइतकीच जागी असतात. हल्ली साहसाचं कौतुक इतकं वाढलंय की कंपन्याही कर्मचाऱ्यांना बळेच दोरावर लोंबकळवतात. असल्या सहलींत रडवेले झालेले हिशेबनीस मी पाहिले आहेत. नको असेल तर सरळ नाही म्हणा.

१९. विम्याचं काय?

पॉलिसी काढून वाचा. नेहमीच्या वैयक्तिक अपघात विम्यात साहसी खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात. वेगळं संरक्षण मागून घ्यावं लागतं आणि आयुर्विम्याच्या अर्जात छंद विचारला असेल तर खरा लिहावा लागतो. एजंट 'काही होत नाही' म्हणाला तर त्याला तेच कागदावर लिहून मागा.

२०. कड्यावर अर्ध्यात हातपाय गळाले तर? फी परत मिळते का?

मोठ्याने 'खाली घ्या' म्हणा. कुणी हसणार नाही, समजावत बसणार नाही. बिले देणारा, म्हणजे तुमचा दोर सांभाळणारा, तुम्हाला सावकाश उतरवेल. दुसऱ्या दिवशी पुन्हा चढायचं की तळाशी बसून दोर गुंडाळायला शिकायचं, हे तुम्ही ठरवा. फी परत मिळत नाही. खाली चहा तयार असतो.